साळेखेडचा मदरसा आणि मोठ्या बाई

आमच्या शाळेवर नव्या मुख्याध्यापिका येणार असं कळलं, तेव्हा आम्ही शिक्षकांनी आधी एकच चौकशी केली. बाई अप-डाऊन करणार, की गावात राहणार? साळेखेड ताडकळसच्या पुढं, आडवळणाला. परभणीहून ताडकळसपर्यंत बस मिळते. तिथून काळीपिवळी जीप, नाहीतर ओळखीच्या कुणाची तरी मोटारसायकल. मी विज्ञान शिकवायला रोज अशीच यायचे. मुख्याध्यापक गावातच राहणारा असला की आमचा उशीर लगेच डोळ्यावर येतो, म्हणून ती चौकशी. उत्तर आलं ते वेगळंच. बाई परभणीला राहतात, पण मूळच्या साळेखेडच्या आहेत, आणि ह्याच शाळेत शिकलेल्या आहेत.

धम्मशीला वाव्हळे त्यांचं नाव. गाव त्यांना पहिल्या आठवड्यापासून ‘मोठ्या बाई’ म्हणायला लागलं, म्हणून मीही इथं बाईच म्हणते. हजर झाल्या त्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी शाळा फिरून पाहिली. मी सोबत होते.

आमच्या शाळेला एक अशी इमारत नव्हतीच. ज्या ज्या काळात सरकारला जमलं, त्या त्या काळात एकेक तुकडा जोडलेला. सगळ्यात जुनी इमारत निजामाच्या राज्यातली. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, पुढं कमानींची ओसरी, मागं दोन मोठ्या खोल्या, वर सागवानी तुळया आणि कौलं. त्या वेळी सरकारी शाळेला मदरसा म्हणायचे आणि शिकवणं उर्दूतून असायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, फळ्यावर मराठी आली, पण गावानं इमारतीचं नाव बदललं नाही. ‘सातवीचा वर्ग मदरशात बसतो’ असं म्हातारी माणसं सहज बोलून जातात आणि बदली होऊन आलेला नवा शिक्षक चमकून बघतो. मदरशाच्या उजव्या हाताला बहात्तरच्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्या. मागं नव्वदीनंतरच्या स्लॅबच्या दोन, वयानं सगळ्यात लहान आणि गळायला सगळ्यात पुढं. पाचवी ते दहावीची मुलं एवढ्यात मावायची.

बाई मदरशाच्या ओसरीत थांबल्या. दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाल्या, “दहावीला मी ह्या खोलीत होते. खिडकीजवळ.”

“अजूनही हीच खोली गार असते, मॅडम. सगळ्यांना हाच वर्ग पाहिजे असतो,” मी म्हणाले.

“पाहिजेच असणार,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीकडं निघाल्या.

बाईंची कहाणी मला एकदम कळली नाही. बसमध्ये शेजारी जागा मिळाली की त्या थोडं थोडं बोलायच्या. गावाच्या उगवतीला बौद्ध वस्ती आहे, तिथं त्यांचं माहेर. वडील सिद्धोधन खंदारे, आई सरजाबाई. दोघांची शेतमजुरी. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा ते विशीच्या आतले होते. आधीचं नाव सिदबा. ते टाकून त्यांनी सिद्धोधन नाव घेतलं. पुढं मुली झाल्या तेव्हा त्यांची नावं ठेवायला ते कुणाला विचारायला गेले नाहीत, स्वतःच ठेवली. धम्मशीला सगळ्यात धाकटी. बहात्तर साली पत्र्याच्या खोल्यांचं काम निघालं, तेव्हा आईवडील दोघं तिथं खडी फोडायला होते आणि ही पाच वर्षांची पोर ढिगाऱ्यावर खेळत होती. शाळेच्या आवारातली तिची पहिली आठवण ती.

वस्तीतून दहावी झालेली ती पहिली मुलगी. तिच्या दोन्ही बहिणींची लग्नं सातवीनंतर झाली. हिच्याही वेळी पाहुणे आले होते. सरजाबाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, “पोरगी परीक्षेला बसायलीय. पुढच्या साली बघू.” पुढच्या साली ती परभणीला डी.एड.ला गेली. पहिली नेमणूक सेलू तालुक्यात. देवगाव फाट्यावर कडेवर लेकरू घेऊन बसची वाट बघण्यात आपलं तारुण्य गेलं, असं त्या हसून सांगायच्या. नोकरी करत बी.ए. केलं, बी.एड. केलं, मराठी आणि इतिहास शिकवला, आणि बढतीनं फिरत फिरत शेवटी स्वतःच्या गावच्या हायस्कूलवर आल्या. त्यांचे मालक कृषी विद्यापीठात नोकरीला, घर परभणीत. आई तोवर वारली होती. वडील वस्तीतल्या घरात एकटेच राहायचे.

“परभणीला घेऊन जा की त्यांना,” मी एकदा म्हणाले.

“येत नाहीत. म्हणतात, तिथं मला बोलायला कोण हाय?”

मग दुपारच्या सुट्टीत बाई डबा घेऊन वस्तीत जायच्या, वडिलांबरोबर जेवायच्या आणि घंटा व्हायच्या आत परत यायच्या. वडिलांना त्या दादा म्हणायच्या.

स्वभावानं बाई शांत, पण नियमाला पक्क्या. उशिरा आलेल्या मुलाला आधी ‘जेवलास का?’ विचारायच्या आणि मग उशीर का झाला ते. आम्हा शिक्षकांना मात्र असला काही प्रश्न नसायचा. नुसतं घड्याळाकडं बघायच्या.

दोन हजार बावीसच्या गणपतीनंतर झड लागली. चार-पाच दिवस पाऊस उघडायचं नाव घेईना. त्यातल्या रविवारी सकाळी मदरशाच्या डावीकडच्या खोलीची आढ्याची तुळई मोडली आणि अर्धं छप्पर आत बसलं. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा सातवीच्या बाकांवर कौलं, माती आणि भुगा झालेलं लाकूड पडलेलं. तुळई आतून वाळवीनं पोखरून टाकली होती. बाहेरून रंग दिलेला, त्यामुळं कुणाला कळलं नव्हतं.

बाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “रविवार होता.”

त्याच दिवशी त्यांनी दोन्ही खोल्यांना कुलपं घातली, कमानींमध्ये आडव्या फळ्या ठोकून घेतल्या आणि तांबड्या अक्षरांत पाटी लावली: धोकादायक इमारत, आत जाण्यास सक्त मनाई. किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. खडू-डस्टरची पेटी आत राहिली होती. ती आणायलाही त्यांनी कुणाला जाऊ दिलं नाही. नवी घेतली.

आता सातवी आणि नववी, दोन वर्गांना जागा नव्हती. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मुंजाजी शेतकरी माणूस, फार न बोलणारे. सातवीला ग्रामपंचायतीचं सभागृह त्यांनी मिळवून दिलं. नववीचं काय, असा प्रश्न आला तेव्हा कुणी मारुतीच्या मंदिराचं नाव घेतलं. मुंजाजी म्हणाले, “मंदिराचा पत्रा गळायलाय. मोठ्या बाई, तुमच्या विहारात जागा हाय की. फरशी हाय, पंखे हायत, लाइट हाय. तिथं बसवू पोरायला.”

बैठकीत कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही, आणि ते ठरलं. संध्याकाळी बसमध्ये बाई मला म्हणाल्या, “राजेश्री, मला सकाळपासून तीच जागा दिसत होती. पण मी सुचवलं असतं तर बाईनं शाळा आपल्या वस्तीत नेली असं झालं असतं.”

नववीच्या वर्गातल्या दोन मुली पहिल्या दिवशी आल्या नाहीत. एकीला ताप होता. दुसरीची आजी कस्तुराबाई, तिनं निरोप पाठवला होता: आमची पोरगी तिकडं बसणार न्हाई. बाई शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेल्या, मला घेऊन. कस्तुराबाई ओट्यावर तूर निवडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, “शाळा शाळेत भरवावी मानसानं.”

“भरवली असती, काकू,” बाई म्हणाल्या. “पण छत डोक्यात पडलं तर तुमच्यापुढं मी काय तोंड घेऊन येऊ? तुम्ही उद्या येऊन जागा बघा. पटली नाही तर मी दुसरी शोधते.”

कस्तुराबाई खरंच आली. डोक्यावर पदर घेऊन विहाराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. पंखे बघितले, फरशी बघितली, ओळीत बसलेल्या मुली बघितल्या. दुसऱ्या दिवशी नात दप्तर घेऊन हजर. पुढं त्यावर कधी कुणी काही बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

त्या विहारातच माझी बाईंच्या वडिलांशी ओळख झाली. मी नववीला शिकवत असले की एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेरच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला दिसायचा. पांढरं धोतर, अंगात स्वेटर, हातात काठी. पहिल्यांदा मला वाटलं उन्हाला बसले असतील. पण ऊन फिरलं तरी ते हलायचे नाहीत आणि तास संपला की उठून जायचे. मी एकदा बाहेर जाऊन म्हणाले, “आजोबा, आत येऊन बसा ना. खुर्ची देते.”

“न्हाई बाई, हितं बरं हाय,” ते म्हणाले. “आईकू येतं चांगलं.”

“बाहेरून ऐकायची सवय आहे का?” मी गमतीनं विचारलं.

“हाय की. मदरशात असताना वसरीतच बसायचो मी. आमच्या पोरायला आत घेत नव्हते.” त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. “मास्तर दिसायचा न्हाई, फळा दिसायचा न्हाई. पर आवाज लय खडा व्हता मास्तराचा. पाढे समदे आईकून पाठ झाले.”

चौथीपर्यंत ते असे शिकले. मग निजामाचं राज्य गेलं, गावात धावपळ झाली, शाळा काही महिने बंद पडली. उघडली तोवर सिदबा दुसऱ्याची गुरं राखायला लागला होता.

मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला हे दहावीच्या निकालाच्या दिवशी कळलं. मी त्या खोलीचं कौतुक सांगत होते, गार असते, प्रकाश चांगला असतो. दादा म्हणाले, असंल, म्या आतून बघितली न्हाई. तेव्हापासून घरी मी त्या खोलीचं कौतुक बंद केलं.”

छप्पर पडल्याची बातमी परभणीतल्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आणि दिनकरराव आले. तहसिलीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली, पंच्याऐंशीच्या घरातले, पण ताठ. गावातल्या मोठ्या घरचे. त्यांनी आम्हा दोघींना बरोबर घेऊन मदरशाला बाहेरून चक्कर मारली. कोणत्या कमानीखाली मौलवी साहेब हुक्क्याची नळी ठेवायचे, कोणत्या भिंतीवर निजामाचं चित्र होतं, सगळं सांगितलं. अलिफ, बे, पे म्हणून दाखवलं.

“पाडू नका, बाई. दुरुस्त करा. हे गेलं तर गावाला दाखवायला काय राहील?”

“काका, मलाही पाडायची हौस नाही,” बाई म्हणाल्या. “दुरुस्ती होत असेल तर मी आधी दुरुस्तीच मागते.”

आणि त्यांनी ती खरंच मागितली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर काही लोकांनी उलटं बोलायला कमी केलं नाही. बाई अर्ज घेऊन परभणीच्या कार्यालयांचे जिने चढल्या, उतरल्या. अभियंता आला, त्यानं भिंतींना ठोकून बघितलं, सांध्यांतला चुना बोटानं कोरून दाखवला. धुऊन गेलेला. दुरुस्तीला लागणारा खर्च शाळेच्या कुठल्याच योजनेत बसत नव्हता. जुन्या वास्तूंचं बघणाऱ्या कार्यालयानं कळवलं, ही इमारत आमच्या यादीत नाही. दिनकररावांनीही आपल्या ओळखीच्यांना फोन केले. सगळे म्हणाले, वाईट झालं.

ह्यात वर्ष गेलं. पुढचा पाऊस आला आणि नववीच्या जागी नवी नववी विहारात बसली. मुलांचे आईबाप विचारायला लागले, खोल्या कधी होणार? अडचण साधी होती. आवारात दुसरीकडं जागा नव्हती. मदरशाचं निर्लेखन झालं, म्हणजे ती इमारत कागदोपत्री मोडीत निघून पाडली गेली, तरच त्या जागी नव्या खोल्या मंजूर होणार होत्या. त्यासाठी गावाचा ठराव लागत होता.

बैठक शाळेच्या लिंबाखाली झाली. चांगली गर्दी होती. दिनकरराव बोलायला उभे राहिले. बोलले छान, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, “ह्या मदरशानं आमाला मानूस केलं. त्या खोलीत गावातले समदे पोरं मांडीला मांडी लावून बसायचो. कोण कोणाचा, हे कोणी इचारलं न्हाई.”

मागच्या बाजूला सिद्धोधनबाबा काठी टेकत उभे राहिले. बाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आलेत हेही त्यांना तेव्हाच कळलं.

“दिनकरराव, म्या बी तुमच्याच वर्गात व्हतो.”

दिनकररावांनी डोळ्यावर हात धरून बघितलं. “कोण?”

“सिदबा. रामा खंदाऱ्याचा.”

“असशील की! मग सांग ना ह्यायला, कशी शाळा व्हती ते.”

“आतलं मला म्हाईत न्हाई. मी वसरीत बसायचो.”

दिनकरराव तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्याकडं मी बघत होते. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. “वसरीत?” ते म्हणाले. “वसरीत कोण बसायचं? मला आठवतच न्हाई रे.”

“नसंल आठवत,” सिद्धोधनबाबा म्हणाले. “तुमचं तोंड फळ्याकडं व्हतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जे होतं ते सांगितलं आणि काठी टेकून खाली बसले. बाई समोरच्या कागदाकडं बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मुंजाजी म्हणाले, “ठराव वाचू का?” वाचला. दिनकररावांनी विरोध केला नाही. सगळ्यांत शेवटी उठून त्यांनी सही केली.

काही दिवसांनी ते वस्तीत गेले. साळेखेडात जन्मले-वाढले, पण वस्तीत पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ, असं ते स्वतःच म्हणाले. विहाराच्या ओट्यावर दोघं म्हातारे बसले होते. मी आत शिकवत होते. तुटक तुटक ऐकू येत होतं. दिनकरराव विचारत होते, “आईकू तरी यायचं का तुला?” आणि सिद्धोधनबाबा सांगत होते, “यायचं. पावसाळ्यात मात्र कौलावर लय वाजायचं, मग तुमी काय म्हनायलाव ते कळायचं न्हाई.” नंतर गोष्टी मौलवी साहेबांच्या दम्यावर गेल्या. माफी वगैरे शब्द मी ऐकले नाहीत. कदाचित बोलले असतील, कदाचित नसतील.

निर्लेखनाची मंजुरी आली ती हिवाळ्याच्या शेवटी. पाडायचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या आठवड्यात सिद्धोधनबाबा मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. लेक गावात मोठ्या खुर्चीवर बसून एवढी वर्षं झाली, पण ते तिथं कधी आले नव्हते. मी हजेऱ्या तपासत बसले होते. उठायला लागले तर त्यांनी हातानंच बस म्हटलं.

“शीला, पाडायच्या आधी मला एकदा आत बसू दे. घडीभर.”

बाईंना ते अपेक्षित नसावं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “दादा, मी दिनकररावांना आत जाऊ दिलं नाही. पोरांना नाही. उरलेल्या छताचा भरवसा नाही.”

“मला आता पंच्याऐंशी झाले. माझं काय व्हायचं ऱ्हायलं?”

“तुम्हाला काही झालं तर मला झालं ना.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. “बराबर हाय,” म्हणाले. चहा आला, तो बशीत ओतून प्यायले आणि गेले.

बाई कितीतरी वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. “मी चुकले का गं?” त्यांनी मला विचारलं. मी हजेरीत डोकं घातलं. नियम त्यांचाच होता आणि बरोबर होता; आणि मागणारा माणूस त्यांचा बाप होता.

पाडायच्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती. तरी आम्ही काहीजण गेलो. ठेकेदाराची माणसं आणि जेसीबी सकाळीच आले. बाईंनी ठेकेदाराला बाजूला घेऊन सांगितलं, “आधी वरचं सगळं उतरवा. कौलं, वासे, तुळया. हातानं. मग थांबा आणि मला बोलवा.” ठेकेदार म्हणाला, मॅडम, मशीन आहे, दुपारपर्यंत सगळं सपाट होईल. बाई म्हणाल्या, “दुपारनंतर करा सपाट. आधी वरचं.”

माणसं चढली. कौलं खाली येऊ लागली, मग वासे, मग दोरांनी बांधून तुळया. दुपार होईपर्यंत मदरशाच्या डोक्यावर काही उरलं नाही. नुसत्या चार भिंती आणि वर आभाळ. अभियंता तिथंच होता. बाईंनी त्याला विचारलं, “आता आत माणूस गेलेला चालेल?”

“वरून पडायला काही राहिलं नाही, मॅडम. भिंती अजून आठ दिवस हलत नाहीत.”

“हे तुम्ही जबाबदारीनं सांगताय?”

“सांगतोय की.”

मग बाईंनी पर्समधून किल्ली काढून उजवीकडच्या खोलीचं कुलूप उघडलं. दोन मजुरांना आतला कचरा मधोमध झाडायला लावलं. आणि मुंजाजींना म्हणाल्या, “भाऊ, दादांना घेऊन येता का तेवढं?”

मुंजाजींनी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. सिद्धोधनबाबा ओसरीची पायरी चढले, क्षणभर तिथं थांबले, आणि बाईंनी हात धरला तसे उंबरा ओलांडून आत गेले. आम्ही बाहेरच राहिलो. दारातून दिसत होतं. खोलीत लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या भिंतीवर काळा रंगवलेला फळा तसाच होता. बाईंनी खुर्ची पुढं केली. ते नको म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून खाली मांडी घालून बसले, फळ्याकडं तोंड करून. बाई थोड्या मागं, भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाहेर मजूर पाणी पीत होते.

“शीला,” ते म्हणाले, “एवढीशीच व्हय?”

“काय, दादा?”

“खोली. मला वाटायचं, लय मोठी असंल.”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. सिद्धोधनबाबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, खिडकीतून दिसणारा लिंब बघितला. मग जमिनीला हात टेकून उठायला लागले. बाई पुढं झाल्या.

“झालं. पाडू दे त्यायला आता,” ते म्हणाले. “मजूर खोळंबलेत.”

त्यांना घरी पोचवून मुंजाजी परत येईपर्यंत जेसीबीनं ओसरीच्या कमानी खाली घेतल्या होत्या. संध्याकाळी आवारात दगडांचा ढीग आणि चुन्याची धूळ होती. दगड आणि सागवान रीतसर लिलावात गेलं. कुठं गेलं, मी चौकशी केली नाही.

नव्या खोल्यांचं काम बाई निवृत्त व्हायच्या आत पूर्ण होईल असं आम्हाला वाटलं होतं. नाही झालं. कधी वाळू नाही, कधी ठेकेदार नाही. दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या तेव्हा वरच्या मजल्याला प्लास्टर चालू होतं. निरोपाचा कार्यक्रम पत्र्याच्या खोलीतच झाला, भयंकर उकाड्यात. बाई भाषणात फार काही बोलल्या नाहीत. नववीसाठी विहार दिल्याबद्दल वस्तीचे आणि सभागृह दिल्याबद्दल ग्रामपंचायतीचे आभार मानले, आणि आम्हाला म्हणाल्या, उशिराला बसचं कारण सांगत जाऊ नका, मुलांना खरं वाटतं.

उद्घाटन पावसाळ्यात झालं. पाहुणे आले, फीत कापली, पत्रिकेत बाईंचं नाव होतं की नव्हतं ह्यावरून मुंजाजी कुणाशी तरी तावातावानं बोलत होते. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. दिनकरराव आदल्या हिवाळ्यात गेले होते. त्यांचे चिरंजीव आले होते. सिद्धोधनबाबा आले नाहीत. त्यांना गर्दी सोसत नव्हती.

त्यांचं दुखणं वाढलं तसं बाईंनी एक ठरवलं, ज्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. वडील परभणीला येत नाहीत म्हटल्यावर त्या स्वतःच साळेखेडला राहायला आल्या. आठवड्यातले चार-पाच दिवस वस्तीतल्या घरी राहतात, शनिवार-रविवार मालक तिकडं येतात. शाळेत मात्र पाऊल टाकत नाहीत. “आता ती तुमची शाळा,” म्हणतात. संध्याकाळी वस्तीतल्या आणि गावातल्याही दहावीच्या मुली त्यांच्याकडं निबंध दाखवायला जातात, एवढंच.

परवा शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी डोकावले. बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. आत खाटेवर सिद्धोधनबाबा झोपले होते. पंखा चालू होता. चहा झाला. नव्या इमारतीचं मी सांगत होते, वर्गांची वाटणी कशी केली ते. बाई मेथी निवडता निवडता ऐकत होत्या.

“आठवी कुठं बसवली?”

“वर, उगवतीच्या खोलीत.”

“तिथं सकाळी ऊन सरळ डोळ्यावर येतं,” त्या म्हणाल्या. “बाकं फिरवून घ्या. फळा दुसऱ्या भिंतीला लावायला सांगा.”

मी हो म्हणाले. बाहेर काळीपिवळीवाल्यानं हॉर्न दिला, तशी पर्स उचलून निघाले.